एका रंगाचा उपास

वर्धा मागे पडल्यावर समोरच्या बाकावरच्या गृहस्थांनी मफलर कानाला गुंडाळला आणि मला म्हणाले, "शाल वर काढून ठेवा ताई. नागपुरात उतराल तेव्हा लागेल." मी वाईची. थंडी मला नवी नव्हती, तरी फलाटावर पाय ठेवला तेव्हा दात वाजले हे खरं. काही थंडीने वाजले, काही उत्सुकतेने. बत्तीस वर्षांच्या आयुष्यात एकटीने केलेला हा माझा पहिला लांबचा प्रवास, आणि तोही कशासाठी, तर पत्ते खेळायला. आमच्या वाचनालयात रोज पुस्तकं बदलायला येणाऱ्यांना मी एवढंच सांगितलं होतं, की नागपूरला दादाचं थोडं काम आहे. ते खोटं नव्हतं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ वसंत. कोराडीच्या वीजकेंद्रात नोकरीला होता. लग्न केलं नाही. कॉलनीतल्या दोन खोल्या, नोकरी आणि मेंढीकोट, एवढाच त्याचा संसार. आषाढात त्याला कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत तो गेला. त्यानंतर आमच्या घरात आई आणि मी दोघीच होतो, आणि दोघी त्याचं नाव घेत नव्हतो. एकीने घेतलं तर दुसरीला रडू येईल, या भीतीने.

मेंढीकोट बहुतेकांना माहीत असतो, तरी थोडक्यात सांगते. चौघं खेळतात, समोरासमोरचे दोघं एकमेकांचे भिडू. उतारीच्या रंगाचं पान ज्याच्याकडे नाही तो आपल्या दुसऱ्या एखाद्या रंगाला हुकूम करतो, आणि हुकूम बाकी सगळ्या रंगांवर मात करतो. बावन्न पानांत दश्श्या चार. ज्या जोडीकडे जास्त दश्श्या तिचा डाव; चारही मिळवल्या तर मेंढीकोट. दादा आणि मी हा खेळ पोस्टाने खेळायचो. तो अंतर्देशीय पत्रात चारही हातांची पानं मांडून पाठवायचा आणि खाली लिहायचा, "आता तू काय टाकशील?" मी दोन दिवस विचार करून उत्तर लिहायची. शेवटच्या वर्षी त्याने स्वतः बसवलेला एक डाव मला कळवला होता आणि त्याला नाव दिलं होतं 'एका रंगाचा उपास'. हातात एखाद्या रंगाची पानं जवळजवळ नसतील, तर तो रंग लवकर संपवायचा. पुढे तोच रंग आला की हुकूम करायची संधी मिळते, पण तेव्हा हुकूम करायचा नाही. गप्प राहायचं, दुसराही रंग संपवायचा आणि मग एकदम हुकूम करून विरुद्ध जोडीच्या हातातलं सगळं ओढून घ्यायचं. जमलं तर चारही दश्श्या, फसलं तर एकही नाही.

मी त्याला लिहिलं होतं, "तुझा उपास कागदावरच शोभतो. दुसऱ्या रंगाचं पान टाकलं की तोच हुकूम झाला. मग तू थांबणार कसा?" या पत्राचं उत्तर आलं नाही. तोवर तो आजारी पडला होता.

कार्तिकात उमरेडहून एका अनोळखी गृहस्थांचं पत्र आलं. सुखदेवराव, धंदा हातमागाचा, वसंतभाऊंचा नऊ वर्षांचा भिडू. नागपुरातल्या एका विणकर मंडळाच्या मेंढीकोट स्पर्धेत दोघांचं नाव उन्हाळ्यातच घातलेलं होतं. "त्यांच्या जागी दुसऱ्याला बसवायला मन धजत नाही. तुमची पत्रं त्यांनी मला वाचून दाखवली आहेत. तुम्ही यावं." मी ते पत्र तीनदा वाचलं आणि तिकिटाच्या रांगेत जाऊन उभी राहिले.

फलाटावर धोतर, गुंडीचा कोट आणि डोक्याला टॉवेल गुंडाळलेले एक उंच गृहस्थ सरळ माझ्याकडे आले.

"वसंतभाऊची बहीण ना तुम्ही? नाक पाहूनच ओळखलं."

मी मान हलवली.

"पत्रात तं लय भांडता. मले वाटलं, उतरल्या उतरल्या बोलून राहाल." त्यांनी माझी पिशवी घेतली. "असू द्या. आपल्या खेळात न बोलनारा मानूसच कामाचा."

त्यांची मुलगी चंद्रकला नागपुरातच विणकरांच्या वस्तीत राहते. तिथेच आमचा मुक्काम. गल्लीत शिरताच मागांची खटाखट कानावर आली. एका घरातली थांबते तोवर पुढच्या घरातली सुरू. दारांतून ताणे पसरलेले, रंगवलेल्या सुताच्या लडी बांबूवर वाळत घातलेल्या. सुखदेवराव चालता चालता सांगत होते, की आता निम्मे माग बंद पडले, पोरं कोळशाच्या खाणीत नाहीतर कचेरीत लागली. "मी आहे अजून. हात आहे तवर."

चंद्रकलाने जेवायला पाटोडी रस्सा केला होता. बेसनाच्या वड्या आणि वर काळ्या मसाल्याचा, तेलाचा तवंग आलेला रस्सा, वरून सांभार (आपली कोथिंबीर) पेरलेला. पहिल्याच घासाला माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"थांबा वं ताई, भात घ्या," चंद्रकला म्हणाली. "आज तं मी तिखट घातलंच नाई."

"तिखट नाही घातलं म्हनते," तिचे वडील म्हणाले. "तुह्या नवऱ्याले विचार, काहून उठला थो ताटावरून."

मी डोळे पुसत जेवत राहिले. पाणी थांबेना, आणि मी ते थांबवायचा प्रयत्नही केला नाही. पाच महिन्यांत इतका वेळ कोणासमोर मी रडले नव्हते. इथे कोणालाच त्यात वावगं वाटलं नाही. भाताचं पातेलं तेवढं माझ्याकडे सरकत राहिलं.

दुपारी आम्ही दोघं सतरंजीवर बसून चार हात वाटून सराव केला. पत्ते पिसता पिसता सुखदेवराव म्हणाले, "एक गोष्ट आधीच सांगतो. मले बक्षिसाचं काही नाही. हा उपासाचा डाव आम्ही पाच वर्सं त्या हॉलमधी लावला. पाचही वर्सं पडला. कधी दश्शी आधीच जाये, कधी दुसरी जोडीच हुकूम करून घे. लोकं हसत. वसंतभाऊ म्हने, एक डाव सुखदेवराव, एकच डाव उतरला पायजे. मले थो एक डाव पाहाचा हाये. मग मी पत्ते ठेवून देतो. दुसऱ्या कोनासंगं हे जमनार नाही."

मी विचारलं, "आणि तो होण्यासारखाच नसला तर?"

ते हसले. "पत्रातही हेच लिवलं होतं तुम्ही."

स्पर्धा दुसऱ्या दिवशी मंडळाच्या हॉलमध्ये सुरू झाली. हॉल म्हणजे पत्र्याच्या छपराची लांबलचक खोली. तीसेक जोड्या, सतरंज्यांवर चौघांचे गोल, मधून फिरणारे पंच, आणि दाराशी चहाची किटली. बाई मी एकटीच. नावं नोंदवणाऱ्याने वहीतून मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, मग सुखदेवरावांकडे.

"बाईमानूस?"

"काहून, पत्त्यात राण्या नाही का?"

"तसं नाही म्हनत मी. नियमात..."

"नियमात भिडू लिवलं हाये. पाहा काढून."

त्याने खरंच नियम काढून पाहिले आणि मला चिठ्ठी दिली. शेजारच्या सतरंजीवरून एक जाडजूड गृहस्थ ओरडले, "काय सुखदेवराव, यंदाही उपास का? फराळाचं आनलं ना संगं?" आजूबाजूचे हसले. ते रेल्वेतले गार्ड होते. सगळे त्यांना गार्डसाहेब म्हणत. त्यांचे भिडू शाळेतले एक मास्तर, काडीसारखे बारीक. गेली दोन वर्षं स्पर्धा त्यांनीच मारली होती.

आमच्या पहिल्याच फेरीत मी घोटाळा केला. उतारी, म्हणजे हाताचं पहिलं पान, चौकटचं आलं, माझ्याकडे चौकट नव्हती. मी बदामाची राणी टाकली, म्हणजे बदाम हुकूम झाला, आणि हात उचलायला सरसावले. विरुद्ध जोडीतल्या एकाने माझ्याआधी चौकटच्या एक्क्यावर तो हात ओढला. त्यात एक दश्शीही होती.

"माझा हुकूम आहे," मी म्हणाले.

पंच वाकून म्हणाले, "बोलल्या नाही ताई तुम्ही."

"पान टाकलं ना."

"पान टाकल्यानं काय होते? आपल्या इथं तोंडानं 'हुकूम' म्हनल्याबिगर हुकूम होत नाही. नाही म्हनलं तं थे नुसतं फेकलेलं पान."

आम्ही तो डाव हरलो, फेरी कशीबशी जिंकली, पण माझं लक्ष त्या नियमावरच अडकलं होतं. वाईला आमच्या ओसरीवर पान पडलं की तोच हुकूम. बोलायची पद्धतच नाही. इथे माणूस पान फेकून गप्प राहू शकतो. हुकूम हातात ठेवून वाट पाहू शकतो. दादाला नऊ वर्षांत या नियमाची इतकी सवय झाली होती, की तो मला सांगायचं त्याला सुचलं नव्हतं, आणि मला विचारायचं सुचलं नव्हतं. मी वर्षभर ज्या डावावर हसले, तो कागदावरचा नव्हता. इथल्या सतरंजीवरचा होता, आणि अगदी बरोबर होता.

फेरी संपल्यावर सुखदेवरावांना हे सांगितलं. ते किटलीतला चहा कपात ओतत होते. हात तसाच थांबला.

"म्हंजे तुम्हाले हा नियमच ठाऊक नव्हता? अन तरी एवढे भांडन करून राहिल्या होत्या?"

"हो."

"थो म्हने, माही बहीन हुशार हाये, पन एका जागी अडून बसते. काहून अडते थे समजत नाही." मग ते इतके हसले, की कपातला चहा सांडला.

त्या दिवशी आम्ही बाकीच्या सगळ्या फेऱ्या जिंकलो. उपास लावला नाही. तशी पानंच आली नाहीत. पण आता प्रत्येक वाटपाला पानं उचलताना मी आधी कुठला रंग कमी आहे ते पाहायची. असा खेळ मी कधी खेळले नव्हते. पोस्टाने खेळताना विचार करायला दोन दिवस असत. इथे चार क्षण असत, आणि मला ते पुरत होते, याचंच मला नवल वाटत होतं.

अंतिम फेरी तिसऱ्या दिवशी दुपारी होती, गार्डसाहेब आणि मास्तरांशी. सकाळ मोकळी होती म्हणून मी कोराडीला जाऊन आले. दादाची खोली एकदा पाहायची होती. लांबून आधी धुराडी दिसली, मग रस्त्याच्या दोन्ही बाजूंची झाडं दिसली, राखेने करडी झालेली. त्याच्या खोलीत आता दुसरं कुटुंब आलं होतं. दारात लहान मुलांच्या चपला होत्या. मी दार वाजवलं नाही. शेजारच्या बाईंनी मला ओळखलं आणि आत बोलावून चहा दिला. म्हणाल्या, "रविवारी पत्त्यांच्या बैठकीला आमच्या दोन्ही खुर्च्या तिकडेच असायच्या. आता आम्ही दोघं खुर्च्यांवर बसतो, तर करमत नाही."

निघायला उशीर झाला, आणि परतीच्या रस्त्यावर कोळशाचा एक ट्रक आडवा झाला होता. बस जागची हलेना. मी कंडक्टरला विचारलं, किती वेळ लागेल.

"घाईचं काम हाये का ताई?"

"अंतिम फेरी आहे. मेंढीकोटची."

तो माझ्याकडे पाहत राहिला. मग खाली उतरला, पलीकडून उलट फिरून नागपूरकडे निघालेल्या एका जीपला हात केला आणि मला तिच्यात बसवून दिलं. ड्रायव्हरला म्हणाला, "लौकर घेऊन जा बावा, हुकमाचं काम हाये." हॉलच्या दारात मी धावत पोचले तेव्हा पंच घड्याळ काढून बसले होते. सुखदेवराव सतरंजीवर मांडी घालून एकटेच, समोरची जागा रिकामी.

"तोंडाले राख लागली तुमच्या," ते म्हणाले. "पुसू नका. बसा."

अकरा डावांची फेरी. साध्या डावाला एक गुण, मेंढीकोटला तीन. गार्डसाहेब पानं जोरात आपटायचे, मास्तर हळूच ठेवायचे. धाक मला मास्तरांचा वाटायचा. चौथ्या डावात त्यांनी आमच्यावर मेंढीकोट केला. आम्ही एकेक करत मागे लागलो. दहा डाव झाले तेव्हा त्यांचे सात, आमचे पाच. एकच डाव उरला होता, आणि तो साधा जिंकून उपयोग नव्हता. बाकीच्या सतरंज्या रिकाम्या झाल्या होत्या. सगळा हॉल आमच्याभोवती उभा.

मी पानं उचलली. इस्पिकची सात, एक्का-राजासकट. किलवरचं एकच. चौकटची दोन. मी सुखदेवरावांकडे पाहिलं नाही. भिडूकडे पाहिलं की पंच हटकतात.

गार्डसाहेबांची उतारी होती. त्यांनी किलवरचा एक्का आपटला. माझं एकुलतं किलवर त्यावर गेलं. पुन्हा त्यांनी किलवरचा राजा टाकला. आता माझ्याकडे किलवर नव्हतं. साऱ्या हॉलला ते कळलं. इस्पिक टाकून 'हुकूम' म्हणायचं, हात आपला. मी चौकटची तिरी ठेवली आणि गप्प राहिले.

मागून कुणीतरी पुटपुटलं, "विसरली वाटते बाई."

पंच म्हणाले, "काही बोलायचं का ताई?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

आता मास्तरांची पाळी. किलवरची दश्शी त्यांच्याकडे असती तर ती या हातात निर्धास्त गेली असती आणि सगळं तिथेच संपलं असतं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग तिरी टाकली. सुखदेवरावांनी छक्की. दश्शी अजून बाहेरच होती.

गार्डसाहेबांनी रंग बदलून चौकटचा राजा टाकला. माझं शेवटचं चौकट गेलं. तो हात सुखदेवरावांनी एक्क्याने घेतला. आता उतारी त्यांची. माझे दोन रंग संपले होते, हुकूम अजून कुणी केला नव्हता. मी काय करून बसले आहे हे त्यांना समजलं की नाही, हे कळायला काहीच मार्ग नव्हता. आम्ही एकमेकांना तीन दिवस ओळखत होतो.

सुखदेवरावांनी हातातल्या पानांवरून अंगठा फिरवला, एक पान काढलं आणि सतरंजीच्या मधोमध ठेवलं. किलवरची दश्शी.

हॉलमध्ये एकदम गलका झाला. दश्शीची उतारी, तीही राणी-गुलाम बाहेर असताना, कोणी शहाणा करत नाही. गार्डसाहेबांनी हसतच राणी टाकली. "घ्या सुखदेवराव, सोडा उपास."

"हुकूम," मी म्हणाले. "इस्पिक." आणि अठ्ठी ठेवली.

माझा आवाज मला परका वाटला, इतका मोठा होता तो. मास्तरांना किलवरचा गुलाम द्यावाच लागला. पहिली दश्शी आमची. मग मी इस्पिकचा एक्का टाकला, राजा टाकला, आणि राजाखाली मास्तरांच्या हातातून इस्पिकची दश्शी निघाली. त्यांनी ती नेहमीप्रमाणे हळूच ठेवली. दोन. बाहेर एकही हुकूम उरला नाही. बदामाचा एक्का खेळून मी पुढचं बदाम टाकलं, सुखदेवरावांकडे राजा-राणी होते, पाठोपाठ त्यांनी विरुद्ध जोडीकडून बदामाची दश्शी काढली. तीन. त्यांची पुढची उतारी मी हुकमाने घेतली; आता शेवटची तीन पानं माझ्या हातात, तिन्ही हुकूम. एक टाकलं, गार्डसाहेबांनी किलवर दिलं. दुसरं टाकलं, चौकटची राणी आली. त्यांच्या हातात एक पान राहिलं. ते काय आहे हे आता सगळ्यांना ठाऊक होतं. तरी मी माझं शेवटचं पान ठेवलं तेव्हा सगळे पुढे सरकले.

चौकटची दश्शी.

त्यानंतरचा गोंधळ मला नीट आठवत नाही. कोणीतरी किटली लाथाडली, एवढं आठवतं. गार्डसाहेब गुडघ्यावर हात टेकून उठले आणि सुखदेवरावांसमोर जाऊन म्हणाले, "सुटला बावा तुमचा उपास. वसंतभाऊ पाहिजे होता आज. फराळाचं माह्याकडून." सुखदेवराव सतरंजीवरची पानं एकेक करून गोळा करत होते. नंतर मला म्हणाले, "दश्शी टाकताना माहा हात कापला नाही. काहून सांगू? तुम्ही अडून बसल्या होत्या. थो सांगे तशाच."

संध्याकाळी ते स्टेशनवर पोचवायला आले. बक्षिसाच्या दोन हातमागाच्या सतरंज्यांपैकी एक माझ्या पिशवीवर बांधलेली. मी विचारलं, आता पत्ते खरंच ठेवून देणार का?

"ठेवले. सकाळी माग, दुपारी झोप." मग माझी पिशवी डब्यात चढवत म्हणाले, "हात हलके वाटून राहिले. पाच महिने जड होते."

गाडीत रात्रभर मी तोच डाव पुन्हा पुन्हा खेळत होते आणि मधेच हसत होते. समोरच्या बाईंनी विचारलंही, घरी काही शुभकार्य आहे का. त्या हॉलमधल्या दोन तासांत मला दादा गेल्याचं दुःख झालं नव्हतं, हे सकाळी दौंडच्या आसपास माझ्या ध्यानात आलं, आणि आधी अपराधी वाटलं. मग वाटलं, तसं कुठे होतं. त्या दोन तासांत मी त्याच्याशी जितकी बोलले, तितकी या पाच महिन्यांत बोलले नव्हते.

घरी पोचले. आई पायऱ्यांवर बसली होती. पत्ते तिने आयुष्यात हातात धरले नाहीत; आम्हा दोघांना त्यावरून ती नेहमी रागावायची. पाणी दिलं आणि म्हणाली, "त्याचं काम झालं का?"

मी सतरंजी सोडून ओसरीवर अंथरली, त्यावर चार हात मांडले आणि पहिल्यापासून सांगायला लागले. तिला कळावं म्हणून हळू सांगत होते. कुठे मी गप्प राहिले, कुठे दश्शी उतरली, कुठे मी बोलले. ती पाय जवळ घेऊन बसली, पुढे वाकून पाहत. शेवटचं पान पडलं तेव्हा तिने ते बोटाने आपल्याकडे ओढून पाहिलं.

मग म्हणाली, "हे वसंताने शोधून काढलं?"

"हो. त्यानेच."

तिने पदराने तोंड पुसलं, माझ्याकडे पाहिलं आणि पानं माझ्याकडे सरकवली.

"पुन्हा मांड."